दुर्बिणीशिवाय रूपविकारी (तेज बदलणारा) तारा शोधण्याची कृती

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची १.२ मीटर व्यासाची सॅम्युएल ऑशिन दुर्बीण एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपते. तिच्या साहाय्याने २०१८ पासून चाललेल्या ‘झेडटीएफ’ या आकाश-सर्वेक्षणात एकेका ताऱ्याची शेकडो मोजमापे साठली आहेत, आणि ती कुणालाही उतरवून घेता येतात.

साहित्य: संगणक, इंटरनेट, ‘व्हीस्टार’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि संशयी स्वभाव.

कृती

१. फार दाटी नसलेला आकाशाचा छोटा तुकडा निवडा. १४ ते १८ प्रतीचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप) तारे घ्या. याहून फार ठळक तारे कॅमेऱ्याला झेपत नाहीत, फार अंधूक ताऱ्यांची मोजमापे डळमळतात.

२. सारख्या प्रतीच्या ताऱ्यांची तुलना करा. ज्याचे आकडे इतरांपेक्षा जास्त विखुरलेले, तो उमेदवार.

३. तो ‘व्हीएसएक्स’ या रूपविकारी ताऱ्यांच्या जागतिक सूचीत आहे का, हे आधीच पाहा. असल्यास पुढची मेहनत वाचली.

४. सदोष म्हणून खूण केलेल्या नोंदी गाळा. हिरव्या आणि लाल फिल्टरची मोजमापे वेगळी ठेवा. एकत्र केलीत तर स्थिर ताराही बदलता दिसेल.

५. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर प्रत मांडा. उभा अक्ष उलटा ठेवा, कारण प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी.

६. व्हीस्टारकडून संभाव्य आवर्तकाल काढा आणि त्या मापाने आलेखाच्या घड्या घाला. लुगड्याच्या निऱ्यांसारखेच हे: माप बरोबर असेल तर काठावर काठ बसतो, चुकले तर सगळा विस्कोट.

७. आता संशय घ्या. आवर्तकाल एक किंवा अर्ध्या दिवसाच्या आसपास आला, तर तो दुर्बीण फक्त रात्री पाहते याचा परिणाम असू शकतो. एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांत संगणक बऱ्याचदा खऱ्याच्या निम्मा काल देतो. दुप्पट करून आलेखातल्या दोन खळग्यांची खोली कमीजास्त आहे का पाहा. शेवटी मूळ छायाचित्र उघडा: बदल शेजारच्या ताऱ्याचा तर नाही ना?

८. उमेदवार या सगळ्यातून तरला, तर स्थान, प्रतीची कमाल-किमान मर्यादा, आवर्तकाल, प्रकार आणि घडीचा आलेख व्हीएसएक्सकडे पाठवा. संदर्भक्षण म्हणून जोडताऱ्यासाठी सर्वांत मंद, स्पंदन पावणाऱ्यासाठी सर्वांत तेजस्वी क्षण द्या.

टीप: तिथले परीक्षक सातव्या पायरीवरचेच प्रश्न विचारतील. उत्तरे आधी स्वतःला देऊन ठेवा.