लंडनला जाण्यापूर्वी सुरत पाहू या
(उन्हाळी सुट्टीचा अभ्यास)



उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्गावर्गांत बेत सुरू होतात. बरीच मुले गावी किंवा आजोळी जातात, काही सुरतेतच राहतात. एखादे कुटुंब परदेशी जाते, आणि त्यात लंडनचे नाव पुढे असते. सुट्टी संपल्यावर "काय पाहिलेस?" असे विचारले तर मोठे घड्याळ, मोठा पाळणा, राजवाडा अशी यादी ऐकू येते. "त्यातून काय समजले?" या पुढच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळत नाही. जी मुले कुठेच गेली नाहीत ती तर गप्पच बसतात. दोन्ही गोष्टी आम्हाला खटकतात. म्हणून येथे पाच दिवसांच्या लंडन सहलीचा आराखडा देत आहोत. त्याचा पहिला भाग सुरतेतच करायचा आहे आणि तो सर्वांसाठी आहे.

लंडन आणि सुरत यांचा संबंध काय?

३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६०८ साली तिचे 'हेक्टर' हे जहाज सुरतेच्या बंदराशी आले. १६१३ मध्ये बादशहा जहांगीरच्या फर्मानाने इंग्रजांना येथे वखार मिळाली. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुवाळीला उतरला. १६८७ साली मुख्य ठाणे मुंबईला हलेपर्यंत पश्चिम हिंदुस्थानातील कंपनीचा कारभार सुरतेहून चाले. म्हणजे लंडनची आणि आपल्या गावाची ओळख चारशे वर्षांची आहे.

भाग पहिला : सुरतेत (सर्वांसाठी)

१. तापीकाठचा किल्ला. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून सोळाव्या शतकात तो खुदावंदखानाने बांधला. जीर्णोद्धारानंतर आता तेथे संग्रहालय आहे.

२. कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची व डचांची जुनी कबरस्थाने. एखाद्या महालासारखी दिसणारी कबर ऑक्झेंडन बंधूंची आहे. त्यांपैकी सर जॉर्ज ऑक्झेंडन हा १६६४ साली इंग्रज वखारीचा प्रमुख होता. तो १६६९ मध्ये सुरतेतच वारला.

या दोन जागा एकाच घटनेने जोडल्या आहेत. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेवर आले आणि १० तारखेला परत गेले. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी राखल्या. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले.

सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलांना हा विषय टाळता येत नाही. घरी ते एक ऐकतात, बाहेर कधी दुसरे, आणि कोणी थट्टेने विचारले तर गोंधळून जातात. आमचे सांगणे असे की लाजू नये आणि वादही घालू नये, विषय नीट समजून घ्यावा. शाइस्तेखानाच्या स्वारीने स्वराज्याचा मुलूख उजाड झाला होता, खजिना रिता झाला होता आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. हे खरे आहे. सुरतेच्या व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले, घरे जळाली, हेही खरे आहे. इंग्रजांनी लिहिलेली हकिकत वखारीच्या भिंतीआडून पाहिलेली आहे, हे तिसरे सत्य. "कोणी लिहिले, कोठून पाहिले, कोणासाठी लिहिले?" हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भाग दुसरा : लंडनमध्ये

पहिला दिवस : ग्रीनिच. येथील वेधशाळा १६७५ साली स्थापन झाली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत येथून जाणारे रेखावृत्त शून्य अंशाचे मानले गेले. सुरत त्याच्या पूर्वेस सुमारे ७२.८ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून ठरते, म्हणून सुरतेचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. गंमत म्हणजे उपग्रहांच्या मोजणीतली शून्य रेषा या जुन्या रेषेच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेस आहे.

दुसरा दिवस : कंपनीचा शोध. लेडनहॉल रस्त्यावर कंपनीची प्रचंड कचेरी होती. ती १८६१ साली पाडली गेली. त्या जागी आज लॉइड्स या विमासंस्थेची इमारत उभी आहे. कंपनीचे दप्तर मात्र टिकले. सुरतेच्या वखारीचे कागद आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ते अभ्यासकांनाच वाचायला मिळतात, पण तेथील दुर्मीळ ग्रंथांचे दालन कोणालाही मोफत पाहता येते.

तिसरा दिवस : साउथ केन्सिंग्टन. येथे विज्ञान संग्रहालय, निसर्ग-इतिहास संग्रहालय आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय अगदी शेजारी-शेजारी आहेत. तिघांतही सामान्य प्रवेश मोफत आहे. मुलांना घेऊन एका दिवशी एकच पाहावे, फार तर दोन. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या मालकीची वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आणून प्रथम साताऱ्याला मांडली गेली. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता आलेली नाही, असे संग्रहालय स्वतः सांगते. पाटीवरचे असे वाक्य वाचायला शिकणे, हा या दिवसाचा धडा.

चौथा दिवस : दोन घरे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. दुसरे घर हाउली प्लेसवरील, क्रमांक १०. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये चिरोलवरील खटल्याच्या वेळी तेथे राहिले. भिंतीवर तशी पाटी आहे. हेच टिळक डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी सुरतेत होते आणि येथेच जहाल-मवाळ वेगळे झाले. घरी राहणाऱ्यांनी हा प्रसंग वाचून काढावा.

पाचवा दिवस : मुलांचा. कुठे जायचे ते त्यांनीच ठरवावे. बागेत खेळायचे म्हटले तरी हरकत नाही.

पालकांसाठी चार सूचना

• मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मुले पहाटे तीन-चारलाच उठतील आणि संध्याकाळी सहाला पेंगतील. म्हणून पहिल्या दिवशी मोकळी जागा ठेवली आहे.

• मेअखेरीस तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, सुरतेत सव्वासातच्या आसपास. उजेड आहे म्हणून मुलांना फिरवत राहू नये.

• तेथील शाळा जुलैपर्यंत चालू असतात. मेअखेरीस त्यांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात संग्रहालयांत फार गर्दी होते, तो टाळावा.

• अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये तिकीट लागत नाही. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. ग्रीनिचचे उद्यान मोफत आहे, वेधशाळेला तिकीट आहे. निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात.

स्वाध्याय

१. सुरतेत दुपारचे बारा वाजले असता मे महिन्यात लंडनमध्ये किती वाजतील?

२. सुरतेचे रेखांश घेऊन ३९ मिनिटांचे गणित स्वतः सोडवा.

३. १६६४ ची हकिकत तीन जणांच्या तोंडून दहा-दहा ओळींत लिहा : मावळा, सुरतेचा व्यापारी, वखारीतला कारकून.

४. घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा : आपले कुटुंब सुरतेला केव्हा आणि कशासाठी आले? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

पहिले तीन प्रश्न लंडनला गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांना सारखेच सोडवता येतात. चौथ्यासाठी तर घराबाहेरही पडावे लागत नाही. सुट्टीनंतर दोन्ही प्रकारच्या वह्या आम्ही एकाच टेबलावर ठेवून वाचणार आहोत. पालकांनी मुलांना मदत जरूर करावी, पण लिहिणे त्यांच्यावरच सोपवावे.