पोरीला सरकारी कॉलेज भेटन का?

ताईंनो, मागच्या महिन्यात बपेऱ्याच्या एका गटाच्या बैठकीत 40 हजारांच्या कर्जाची मागणी आली. कारण लिहिलं होतं, 'पोरीची ॲडमिशन'. कुणीतरी त्या ताईंना सांगितलं होतं, "सीईटीत 88 म्हणजे सरकारी इंजिनिअरिंग विसरा. आत्ताच पैसे भरा, सीट पक्की करून देतो." ताईंनी मला विचारलं, "भेटन का जी, मॅडम?" मला लगेच हो-नाही सांगता आलं नाही. मग मुलीला सोबत घेऊन मोबाईलवर दोन तास बसलो. तेव्हा जे समजलं ते सगळ्यांसाठी लिहिते.

सगळ्यात आधी, 88 पर्सेंटाईल म्हणजे 88 टक्के मार्क नव्हे. शंभर मुलांच्या रांगेत 88 जण तिच्या मागे किंवा बरोबरीला आहेत, साधारण 12 जण पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा परीक्षेला 3 लाख मुलं बसली, तर तिच्या पुढे साधारण 36 हजार. 4 लाख बसली तर 48 हजार. पर्सेंटाईल तेच, पण रांगेतली जागा केवढी मागे गेली बघा! म्हणून गुणवत्ता यादीतला तिचा क्रमांक हाताशी ठेवायचा.

आता तो क्रमांक गेल्या वर्षीच्या कटऑफशी जुळवायचा. ही यादी राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गात शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली, ते त्यात असतं. यादीतली अक्षरं बघून घाबरू नका. सुरुवातीला 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव जागा, 'जी' म्हणजे सर्वांसाठी. मुलीला दोन्ही चालतात, म्हणून दोन्ही ओळी बघा. शेवटी 'एच' म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, 'ओ' म्हणजे बाहेरची, 'एस' म्हणजे राज्यभराची. भंडारा जिल्हा नागपूर विद्यापीठात येतो, म्हणून नागपूरकडे आपली ओळ 'एच'ची.

नुसती पहिल्या फेरीची यादी बघून हात टेकू नका. पुढच्या फेऱ्यांत कटऑफ बरेचदा खाली येतो. आणि "सरकारी कॉलेज" असं एकच काही नसतं. नागपूर, चंद्रपूर, अमरावती अशी तीन आपल्या बाजूलाच आहेत. कॉम्प्युटर शाखा लवकर भरते, सिव्हिल-मेकॅनिकल उशिरा. आम्ही वहीत तीन रकाने पाडले: कठीण, जुळेल असं, आणि नक्की लागेल असं. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही. तरी हा अंदाजच. यंदाची यादी गेल्या वर्षीसारखी लागेलच असं नाही.

फॉर्म भरताना मात्र क्रम आवडीचा ठेवायचा. संगणक आधी एक नंबरची पसंती बघतो, तिथे बसत नसेल तर दोन नंबरची. त्यामुळे कठीण कॉलेज वर लिहिल्याने काही बिघडत नाही. फक्त 2025 च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत एक नंबरची पसंती लागली तर तीच घ्यावी लागते. तेव्हा शेजारच्याने सांगितलं म्हणून तिथे काहीही लिहू नका. नियम बदलतात, दरवर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

पैशाचं सांगते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. "सीट पक्की" म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी गेली! त्या 40 हजारांत नेमकं हेच होणार होतं.

कागदांसाठी बारावीची वाट बघू नका. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. वेळेत वैधता दिली नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात जाते आणि आपण जुळवलेली सगळी गणितं पुसली जातात. नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर ते प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं.

त्या ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. मेस आणि पुस्तकं माफीत येत नाहीत, त्यासाठी कॉलेज लागल्यावर छोटी रक्कम मागणार आहेत. पहिली फेरी अजून लागायची आहे. ज्यांच्या घरी बारावीचं लेकरू आहे त्यांनी पुढच्या बैठकीला त्यालाच सोबत आणा, आणि गुणवत्ता क्रमांकाचा कागदही.