जत्रेतला पैलवान

आमच्या अक्कलकोट तालुक्यात जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडते. बारक्या पोरांची कुस्ती नारळावर, मोठ्यांची पैशावर. शेवटच्या कुस्तीचे इनाम सगळ्यांत मोठे.

माझा मामा असाच जत्रेतला पैलवान आहे. जत्रा संपल्या की इनाम बंद. खुराक मात्र रोज लागतो. दूध, तूप, बदाम. गुडघा दुखावला तर कमाईच नाही. आजी म्हणते, "आता नोकरी बघ."

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते! एवढे मोठे पैलवान, पण पोलिसातली नोकरी १९५५ साली मिळाली.

मामापण पोलीस भरतीला उतरणार आहे. पहाटे तालीम करून मग तो पळायला जातो.