मोजल्याशिवाय ऑल क्लिअर नाही

दिवाळीच्या सुट्टीत नंदिनी नगरला घरी गेलो की आजोबांचा मोबाइल माझ्या हाती येतो. या वेळी तक्रार एकच होती, "जागा नाही म्हणतो रे हा. फोटोच निघत नाही." आत ३२ जीबीचे मेमरी कार्ड होते आणि ते गच्च भरले होते. बाबांनी १२८ जीबीचे नवे कार्ड आणून ठेवले होते. जुन्यातले सगळे नव्यात टाकायचे, एवढेच काम. मी म्हणालो, "अर्ध्या तासात देतो."

त्या अर्ध्या तासात मी काय चुकलो आणि काय शिकलो, ते लिहीत आहे. शिबिराचे, परेडचे, सहलीचे फोटो आपण सगळेच कधी ना कधी असे हलवतो, म्हणून हा खटाटोप.

जुन्या कार्डात आजीचे आवाज होते. गेल्या वर्षी आजी गेली. आजोबांनी तिच्या ओव्या, स्वयंपाकघरातले बोलणे, नातवंडांना मारलेल्या हाका असे बरेच काही मोबाइलवर टिपून ठेवले होते. हे मला ठाऊक होते, तरी मी घाई केली. कार्ड संगणकाला जोडले, सगळे निवडले आणि 'कॉपी'ऐवजी 'कट' केले. एकाच फेरीत जुने कार्डही रिकामे होईल, असा माझा हिशेब. निम्मे काम झाले आणि वीज गेली.

वीज आल्यावर पाहिले तर शेवटच्या अकरा फायली जुन्या कार्डात नव्हत्या. नव्या कार्डात त्यांची नावे होती, पण उघडत एकही नव्हती. 'कट' केल्यावर संगणक एकेक फाइल नव्या जागी लिहितो आणि जुन्या जागेवरून पुसतो. शेवटचे लिखाण नव्या कार्डावर पक्के बसण्याआधीच वीज गेली, आणि जुन्यावरून मात्र ते पुसले गेले होते.

एक गोष्ट नशिबाने बरोबर केली. जुन्या कार्डावर त्यानंतर काहीही लिहिले नाही. फाइल पुसली म्हणजे तिची नोंद पुसली जाते. मजकूर बहुधा तिथेच असतो, दुसरे काही त्याच्यावर लिहिले जाईपर्यंत. फोटोरेक नावाची एक मोफत प्रणाली आहे. तिने जुने कार्ड तपासले आणि सापडलेल्या फायली संगणकाच्या डिस्कवर उतरवल्या, कार्डावर नव्हे. नावे गेली होती, नुसते क्रमांक होते. अकरापैकी नऊ मिळाल्या. दोन मिळाल्या नाहीत. त्यातली एक ओवी होती.

आजोबा रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागले. आजोबा भंडाऱ्याहून इथे आले ते चुनखडीच्या खाणीत नोकरीला. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. भट्टीत लोहखनिजाबरोबर चुनखडी लागते. ती खनिजातली अशुद्धे धरून स्लॅग होते आणि लोखंड वेगळे निघते. ती चुनखडी नंदिनीच्या खाणींतून भिलाईला जात आली आहे. दगड सुटतो तो सुरुंगाने. आजोबा म्हणाले, "सुरुंग उडाला की लगेच कोणी खाली जात नसे. किती छिद्रे भरली आणि किती उडाली, ते आधी मोजायचे. एखादे राहिले तर ते शोधायचे. मोजणी जुळली की मगच ऑल क्लिअरचा भोंगा. तू मोजायच्या आधीच भोंगा दिलास."

यापुढे कार्ड बदलताना मी हाच नियम पाळणार आहे.

आता वेगाबद्दल. तुकडी सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालते, तसेच इथे असते. जुने कार्ड वाचण्याचा वेग, नवे कार्ड लिहिण्याचा वेग, कार्ड रीडर आणि संगणकाचा पोर्ट, यातले जे सर्वांत मंद तेच काम थांबवते. कार्डावर 'सी'च्या आत १० लिहिले असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी असते. 'यू'च्या आत ३ असेल तर ३० एमबीची. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो. पोर्टचेही तसेच. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात ३० ते ४० मिळतात. यूएसबी ३.० याच्या कितीतरी पुढे जातो. त्याचा पोर्ट पुष्कळदा आतून निळा असतो.

हिशेब करून पाहा. २६ जीबी म्हणजे साधारण २६,००० एमबी. सेकंदाला १५ एमबीने १,७३३ सेकंद, म्हणजे जवळजवळ २९ मिनिटे. ८० एमबीने ३२५ सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटे. मी जुना रीडर मागच्या निळ्या पोर्टला न लावता पुढच्या साध्या पोर्टला लावला होता. 'कट'ने वेळ वाचवायला गेलो आणि खरा वेळ जिथे वाचला असता तिकडे पाहिलेच नाही.

हजारो लहान फायली एका मोठ्या फाइलपेक्षा हळू जातात, कारण प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते. फोटो झिप करून जागा फारशी वाचत नाही. ते आधीच दाबलेले असतात.

माझी आताची पद्धत अशी आहे :

१. कार्ड मोबाइलच्या अंतर्गत साठ्याचा भाग म्हणून जोडलेले आहे का, ते आधी पाहावे. तसे असेल तर ते सांकेतिक रूपात असते आणि संगणकात वाचता येत नाही. तेव्हा मोबाइलच्या सेटिंगमधूनच हलवावे.

२. नवे कार्ड खरे आहे का, ते तपासावे. वर १२८ छापलेले आणि आत थोडीच जागा, अशी बनावट कार्डे बाजारात असतात. ते पूर्ण भरून परत वाचून पाहावे.

३. नवे कार्ड मोबाइलमध्येच फॉरमॅट करावे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा एफएटी-३२ ही रचना असते आणि तीत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. त्यावरच्या कार्डांना एक्सफॅट असते, तिथे ही अडचण येत नाही.

४. जुन्या कार्डातले सगळे आधी संगणकाच्या डिस्कवर आणि तिथून नव्या कार्डावर कॉपी करावे. 'कट' कधीही नको. यात एक प्रत जास्तीची राहते. दोन रीडर असतील तर थेटही करता येते, पण मग मधली प्रत मिळत नाही.

५. मोजावे. दोन्हीकडे फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळले पाहिजेत. मग निरनिराळ्या फोल्डरमधल्या आठ-दहा फायली उघडून पाहाव्यात, एखादी चित्रफीत शेवटपर्यंत चालवावी.

६. कार्ड काढण्याआधी 'सुरक्षित काढा' हा पर्याय वापरावा. शेवटचे लिखाण तेव्हा पक्के होते.

७. जुने कार्ड महिनाभर तसेच ठेवावे. पुसण्याची घाई कशाला?

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा याच क्रमाने केले. आजोबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. संख्या जुळली तेव्हा त्यांनी स्वतः दोनदा वाचून पाहिली. मग त्यांनी आजीची एक ओवी लावली, मिळालेल्या नऊपैकी. ती संपेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

शाळेत परत येताना जुने कार्ड एका छोट्या डबीत घालून, वर तारीख लिहून आजोबांच्या कपाटात ठेवले आहे. मुखपृष्ठासाठी फोटो गोळा करणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना एवढेच सांगतो, वेग पोर्टमधून आणि रीडरमधून मिळवा. मोजणीतून वेळ वाचवू नका.