म्हैसुरात गाडी घेताना: रोजचे सपाट शहर, सुट्टीतला घाट

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटर उंचीवर आहे, पण शहर स्वतः जवळजवळ सपाट आहे. चामुंडी टेकडी सोडली, तर रोजच्या रस्त्यावर चढ म्हणावा असा चढ लागत नाही. खरे घाट इथून दोन-तीन तासांवर सुरू होतात: पश्चिमेला कोडगू, दक्षिणेला निलगिरी आणि त्यांच्या मध्ये वायनाड. नव्याने आलेले मराठी कुटुंब, मग ते सीएफटीआरआयमधल्या नोकरीसाठी आलेले असो, भारतीय भाषा संस्थानात असो की इन्फोसिसमध्ये, गाडी बघताना नेमके उलटे चालते. उटी डोळ्यांपुढे ठेवून उंच, जाडजूड टायरांची गाडी घेतली जाते आणि मग ती वर्षातले अडीचशे दिवस हेब्बाळ औद्योगिक वसाहतीपर्यंत सात किलोमीटर जाते आणि तेवढीच परत येते. इथे पंधरा-वीस वर्षे मुरलेली कुटुंबे सांगतात ते साधे आहे. गाडी रोजच्या अंतरावरून निवडावी. घाटाची काळजी टायर, ब्रेक, गिअर आणि दिव्यांवर सोपवावी.

त्यासाठी आधी वर्षाचे किलोमीटर कागदावर मांडावेत. ऑफिसचे येऊन-जाऊन १४ किलोमीटर धरले, तर अडीचशे दिवसांचे ३,५०० होतात. शाळा, बाजार, दवाखाना मिळून आणखी हजार. वर्षातून चारदा मडिकेरी किंवा उटी, म्हणजे साधारण हजार. गणपतीला आणि दिवाळीला गावी जाणारे कुटुंब असेल, तर हुबळी, बेळगाव, कोल्हापूरमार्गे पुणे एका बाजूने साडेआठशे किलोमीटरच्या पुढे जाते. अशा दोन फेऱ्यांचे ३,५०० होतात. एकूण ९,०००. यात घाटाचा वाटा नववा भाग आहे आणि त्यातलाही प्रत्यक्ष चढ-उताराचा रस्ता त्याहून बराच थोडा. दर आठवड्याला बंगळुरूला गाडीने जाणाऱ्याचे गणित मात्र वेगळे. मार्च २०२३मध्ये सुरू झालेल्या ११८ किलोमीटरच्या महामार्गावर आठवड्याची एक फेरी धरली, तरी वर्षाचा आकडा २०,०००च्या घरात जातो. (त्यांनी आधी रेल्वेचे वेळापत्रक बघावे, हा आगाऊ सल्ला.)

आता हवामान. म्हैसुरात वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा जोर कोकण-पुण्यासारखा जुलैत नसतो; मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी मेघगर्जनेसह येणारी सर हा इथला खरा पाऊस. कोडगूत मात्र नैर्ऋत्य मोसमी पाऊस पुरता कोसळतो आणि जून ते सप्टेंबर धुके रस्त्यावर उतरून बसते. मडिकेरीच्या पुढे संपाजेकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग २७५ ऑगस्ट २०१८च्या दरडींनी जोडुपाळजवळ तोडून टाकला होता. तेव्हापासून पावसाळ्यात मंगळुरूला जाणारे लोक गाडीपेक्षा बातम्यांवर जास्त विसंबतात, आणि ते बरोबरच आहे. निलगिरीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहिवर गोठते, पण रस्त्यावर बर्फ साचत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोला राहणारा भाऊ फोनवर बर्फाचे टायर आणि चारही चाकांच्या जोराविषयी जे सांगतो, ते तिथे शंभर टक्के खरे आणि इथे गैरलागू असते.

फोर बाय फोरचा प्रश्न त्यातच सुटतो. चारही चाकांना जोर मिळाल्याने चिखलातून किंवा निसरड्या चढावर गाडी निघते. ती थांबायला किंवा वळायला त्याची मदत जवळजवळ होत नाही. डांबरी घाटात अपघात होतात ते गाडी चढत नाही म्हणून नव्हे, तर उतारावर आवरत नाही म्हणून. तेव्हा मडिकेरी, उटी, सुलतान बत्तेरी एवढ्यासाठी दोनच चाकांना जोर देणारी साधी गाडी पुरते. अपवाद खरा आहे तो कॉफीच्या मळ्यांचा. कोडगूत कोणाचा मळा आहे किंवा ओळखीच्या होमस्टेला पावसात वारंवार जायचे आहे, तर शेवटचा दोन किलोमीटरचा लाल मातीचा चढ साध्या गाडीला झेपत नाही. तिथे अजून जीपच चालते. अशांनी कमी गिअरची जोड असलेली खरी फोर बाय फोर घ्यावी: थार किंवा जिम्नी. थार नाशकात तयार होते, ही गोष्ट मराठी घरात निर्णयाच्या बाजूने वापरली जातेच. जिम्नी १,२०० किलोच्या आसपासची हलकी गाडी असल्याने चिखलात कमी रुतते, पण चार माणसे बसली की डिकीत एक बॅग मावते.

पिकअपचे आकर्षण अलीकडे वाढले आहे. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स दोन्ही पांढऱ्या पाटीवर, खासगी म्हणून नोंदवता येतात, आणि दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास लांब आहेत. देवराज अर्स रोडवर किंवा जुन्या लक्ष्मीपुरमच्या गल्लीत एवढी लांबी कुठे लावायची, हा प्रश्न रोज पडतो. म्हैसुरातली बहुतेक स्वतंत्र घरे ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर असतात आणि त्यांच्या पोर्चमध्ये पिकअपची शेपटी फाटकाबाहेर राहते. मागचा हौदा रिकामा असला की ओल्या वळणावर मागची चाके हलकी पडतात, हा आणखी एक दोष. शेतीचे सामान, मधाच्या पेट्या, नर्सरीची रोपे असे काही नेहमी वाहायचे असेल तरच पिकअप. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी स्वस्त पडते म्हणून घरासाठी घेण्याचा विचार करू नये. ऑगस्ट २०२५मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला, २०० फेऱ्यांचा फास्टॅग पासही तिला मिळत नाही.

जमिनीपासूनची उंची मात्र इथे खरोखर लागते, आणि तीही घाटापेक्षा गतिरोधकांमुळे. हुणसूर रस्त्यावर आणि बंडीपूरच्या जंगलात ते जागोजागी आहेत. कन्नडमध्ये त्याला ‘रस्ते उब्बु’ म्हणतात आणि पाटीवर हे दोन शब्द ओळखता येणे म्हैसुरातल्या पहिल्या आठवड्याचा अभ्यास आहे. दुसरी पाटी ‘निधानवागि चलिसि’, म्हणजे सावकाश चालवा. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेतलेली १६५ मिलिमीटरची हॅचबॅक अशा उंचवट्यावर पोट घासते. १९० ते २१० मिलिमीटर पुरेसे आहे, आणि ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा, हायरायडर, ग्रँड व्हिटारा या सगळ्या त्यात बसतात. (शेवटच्या दोन्ही बंगळुरूच्या वाटेवर बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात तयार होतात.) त्याहून उंच गाडी वळणावर जास्त कलते, आणि मागे बसलेल्या मुलांना उलटी होते ती याच कलण्याने. चार मीटरच्या आत लांबी ठेवण्याचा आणखी एक फायदा पैशाचा: २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपर्यंतच्या आणि १,२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, मोठ्या गाडीला ४० टक्के.

इंजिनाच्या निवडीत उंची लक्षात घ्यावी. उटी २,२४० मीटरवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक पंचमांश विरळ असते. साधे पेट्रोल इंजिन तेवढीच ताकद गमावते. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेत असल्याने त्याचे नुकसान बरेच कमी. मसिनगुडीहून उटीला चढणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ तीव्र वळणे आहेत. तिथे साध्या १.२ लिटरच्या भरलेल्या गाडीला पहिल्या गिअरवर यावे लागते आणि क्लच जळल्याचा वास येतो. लहान टर्बो पेट्रोल हा म्हणूनच बहुतेकांसाठी मधला मार्ग ठरतो. सीएनजीवर जोर आणखी कमी होतो आणि टाकी डिकी खाते. ज्याला घाट जवळजवळ नाहीच त्यानेच ती घ्यावी.

डिझेलचा मोह मराठी माणसाला ॲव्हरेजपायी होतो. हिशेबापुरते पेट्रोल १०० आणि डिझेल ९० रुपये, ॲव्हरेज अनुक्रमे १४ आणि १८ धरू. वर्षाला ९,००० किलोमीटरवर डिझेल सुमारे १९,३०० रुपये वाचवते. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर कर्नाटकाचा आजीवन कर त्या फरकावरही बसतो: दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे आणखी सुमारे २८,३०० रुपये. हे सगळे भरून यायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. २०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे मात्र चार-सव्वाचार वर्षांत वसूल होतात. पैशापलीकडे एक तांत्रिक अडचण आहे. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत, साठच्या आसपास चालावी लागते. रोज सात किलोमीटर सिग्नल-सिग्नल करणाऱ्या गाडीत ती चोंदते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्यांच्याकडे अशी गाडी आधीच आहे, ते रविवारी सकाळी ४२ किलोमीटरच्या रिंग रोडला एक फेरी मारून येतात. उपाय स्वस्त आहे, पण त्यासाठी डिझेल घेण्यात अर्थ नाही.

रोजच्या १४ किलोमीटरसाठी विजेची गाडी उत्तम, आणि मडिकेरीची १२० किलोमीटरची वाटही तिला जड नाही. उटीला विचार करावा लागतो. १,८०० किलोची भरलेली गाडी दीड हजार मीटर वर चढवायला, रस्त्याचा नेहमीचा खर्च सोडून, सात-आठ युनिट वीज जास्त लागते. ४५ युनिटांच्या बॅटरीचा तो सहावा भाग. उतरताना यातली बरीच परत मिळते, पण एक अट आहे: बॅटरीत जागा हवी. उटीच्या हॉटेलात रात्रभर लावून शंभर टक्के भरलेली गाडी पहिल्या काही किलोमीटरांत चाकांकडून वीज घेऊ शकत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून वर ८० टक्क्यांवर थांबावे.

उताराचा नियम गिअरच्या सगळ्या गाड्यांना एकच आहे: ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचे. ब्रेकवर पाय ठेवून उतरले की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर पोकळ लागतो. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने म्हणून गिअर हाताने खाली आणण्याची सोय आहे का ते आधी पाहावे. सीव्हीटीत निदान ‘एल’ किंवा ‘बी’ची खाच हवी. स्वस्त एएमटी शहरात बरी, पण चढाच्या वळणावर गिअर बदलताना ती क्षणभर दम टाकते. चढावर गाडी मागे न घसरू देणारी सोय आणि घसरण सावरणारी ईएससी यंत्रणा सनरूफच्या आधी मागावी. भारत एनसीएपीच्या सुरक्षा-तारका डिसेंबर २०२३पासून मिळू लागल्या आहेत; त्या नेमक्या कोणत्या मॉडेलला मिळाल्या, हे विक्रेत्याला विचारावे.

टायरांवर कंजुषी करू नये. कायदा १.६ मिलिमीटर खाचेपर्यंत चालू देतो. कोडगूच्या पावसात ३ मिलिमीटरलाच बदललेले बरे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. शोरूममधल्या नव्या गाडीचेही ते वाचावेत. मोठ्या नक्षीचे चिखलाचे टायर डांबरावर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर बहुधा उशिरा थांबतात. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, हेही बघावे. धुक्यासाठी बंपरमध्ये खाली बसवलेले दिवे कामाचे; वरचा लांब झोत धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो.

रात्रीच्या प्रवासासाठी मोठे दिवे बसवून घेण्यात तसा फारसा उपयोग नाही. बंडीपूरमधून जाणारे रस्ते २००९पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतात, कारण ती वेळ हत्तींची आहे. दिवसाही तिथे गाडी थांबवायची नसते. निलगिरीत शिरायला ७ मे २०२४पासून ई-पास लागतो, आणि कल्हट्टीचा घाट बाहेरच्या गाड्यांना उतरताना बंद असल्याने परतीची वाट गुडलूरची धरावी लागते.

पसंत पडलेली गाडी विक्रेत्याच्या सांगण्यानुसार सपाट रस्त्यावर न चालवता चामुंडी टेकडीवर न्यावी. घरातली सगळी माणसे बसवून, एसी चालू ठेवून वर जावे, एका वळणावर मुद्दाम थांबून पुन्हा निघावे आणि दुसऱ्या गिअरवर उतरावे. तासाभरात कळते ते माहितीपत्रकात नसते.

नोंदणी म्हैसुरात केए ०९ किंवा केए ५५ क्रमांकाने होते. बदलीची नोकरी असलेल्यांनी बीएच मालिकेचा विचार करावा: सप्टेंबर २०२१पासून सुरू झालेली ही सोय सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. महाराष्ट्रातली जुनी एमएच गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन नवा क्रमांक आणि इथला कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, मात्र कर्नाटकातली नोंदणी आणि कराची पावती हातात आल्यावरच. तोपर्यंत दोन्हीकडचा कर खिशातून गेलेला असतो, आणि गाडीच्या अंदाजपत्रकात ती रक्कम आधीच धरावी लागते.