ब्लूबेरी नको, लिंबू लावा

मोबाईलवर बघून वस्तीतल्या मुली आम्हाला विचारतात, ब्लूबेरी कुंडीत येईल का? तिला आंबट माती लागते, सामू साडेचार ते साडेपाच. आपली बीडची काळी माती चुनखडीची, बोअरचे पाणी जड. पाने पिवळी पडतात, रोप जाते. त्यापेक्षा कागदी लिंबू लावा.

राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती जात चांगली. जुन्या ड्रमला खाली भोके पाडा, तळाला विटांचे तुकडे, वर माती आणि कुजलेले शेणखत. फवारणीच्या औषधाचा डबा मुळीच घेऊ नका. ऊन भरपूर हवे. वरची माती सुकली की पाणी द्या. खाली ताटली नको, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. फळाला तीन-चार वर्षे लागतात. तोवर बाजारचे लिंबू आणा.

कारण आम्हाला काळजी आहे ती बायकांच्या रक्ताची. भाजी-भाकरीवर लिंबू पिळले की त्यातले लोह जास्त अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच कमी होते. लोहाची गोळीसुद्धा लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

ऊसतोडीला निघाल तेव्हा झाड मागे राहणाऱ्या आजीच्या हवाली करा. गोळ्या मात्र सोबत न्या.