निघण्याआधीचा मंगळवार

निघायच्या आदला दिवस घरच्यांसाठी ठेवलाय म्हणालास. बाळा, त्या दिवसावर भरवसा ठेवू नकोस. तेवीस किलोंची बॅग तीनदा उघडून पुन्हा भरली जाते, शेजारपाजारचे भेटायला येतात, आणि तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही. तो दिवस बॅगांचा. माणसांचा दिवस त्याआधी दोन आठवडे काढ.

जर्मनीतलं तुझं सत्र ऑक्टोबरात सुरू होतंय आणि पितृपक्ष बहुधा त्याआधी सप्टेंबरात येतो. त्या पंधरवड्यात कुणी साखरपुडे काढत नाही, केळवणं करत नाही, घरात वर्दळ नसते. आपल्या घरची तिथ सोडून मधला एखादा मंगळवार धर. रविवार नको. रविवारी सगळे सुटीवर असतात, आणि तिकडे तुला आठवणार आहे ते कामात असलेलं घर. मात्र हे कुणाला सांगू नकोस. कळलं तर तुझी आई पुरणाचा घाट घालेल आणि मंगळवार गेलाच म्हणून समज.

माझा मामा साताऱ्याहून मुंबईला गिरणीत निघाला तेव्हा पणजीने घरात सांगितलं होतं, निघणाऱ्याला पाटावर बसवू नका, कामाला लावा. आईने ते मला दिलं, मी तुला देते. घरात सगळ्यांत आधी जो उठतो त्याच्याबरोबर ऊठ. दुधापाशी तू उभा राहा. दादा बाहेर निघाला की पिशवी घेऊन त्याच्याबरोबर चल. समोर बसवलं तर तो दोन वाक्यांपुढे जात नाही. पण वीजबिल, पोस्टातलं पासबुक, मंडई अशी कामं करत राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पायी गेलात, तर आपणहून बोलेल. तू मधे विचारू नकोस.

जेवणाचा बेत बदलायला सांगू नकोस. घोसाळ्याची भाजी असेल तर घोसाळ्याची. तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. खा. आमटीचं प्रमाण विचारलंस तर आई 'अंदाजाने' म्हणेल, म्हणून तिला डाळीची मूठ भरू दे आणि ती मूठ आधी वाटीत ओतून मापून घे. स्वयंपाक चालू असताना फोन फडताळात ठेवून अर्धा तास नुसता आवाज टिपून घे. कॅमेरा धरलास की ती पदर सावरून ताठ उभी राहते. आवाजात तसं होत नाही. कुकर, आकाशवाणी, कोथिंबिरीवरून आजीशी चाललेलं बोलणं, सगळं जसंच्या तसं येतं. दुपारपर्यंत कुणाचं कुणाशी वाजलं तर वाजू दे, समेट करायला धावू नकोस.

दुपार आजीची. जुनं काहीतरी सांग, असं तिला म्हणू नकोस. तिला ते ओझं होतं. तिचे पाय चेप, मग ट्रंकेतले फोटो काढ आणि एकेकावर बोट ठेवून हा कोण, एवढंच विचार. सांगेल ते नाव, गाव, नातं फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिही. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, शाई दुसऱ्या फोटोला लागते. दहाच झाले तरी चालतील. तिच्यामागे त्यातली निम्मी माणसं ओळखणारं घरात कुणी नाही, मलाही सगळी येत नाहीत. तिने डोळे मिटले की तूही तिथेच सतरंजीवर आडवा हो.

साडेचारच्या चहाला मात्र जागा राहा. कोण कुठे बसतं, खारी कोण बुडवतं, विषय काय निघतात, ते बघ, कारण हीच वेळ तुला तिकडून गाठता येणार आहे. इथे साडेचार वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात एक आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे केली की बारा. दोन्ही तुझ्या जेवणाच्या वेळा. रात्री आठला तू मोकळा होशील, पण तेव्हा इथे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. आजी कधीच झोपलेली असेल. म्हणून त्या मंगळवारीच चहाच्या टेबलावर फोन कुठे टेकवला तर तिघंही दिसतात, ते पाहून ठेव आणि आईला तसा लावून दाखव. फोन रोज नको, आठवड्यातून दोनदा कर. लावलास की आधी तुझ्या डब्यात काय आहे ते दाखव, मग तिला विचार, आज भाजी कसली केलीस.